डाळिंबाचा ब्लॉग आणि त्याची कमाई : सोलापुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका कृषी पदवीधर गृहिणीने शून्यापासून उभ्या केलेल्या मराठी ब्लॉगचे हे प्रकरण आहे. त्यांना इथे ताई म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत, रकमाही ढोबळ ठेवल्या आहेत. ब्लॉगची तांत्रिक बाजू मी सांभाळतो, त्यामुळे बहुतेक निर्णय माझ्या समोर झाले.

ताईंच्या सासरची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात आहे आणि ती दीर बघतात. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाचे स्थान काय, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, पुणे रस्त्यावर केगावला. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यातली कितीतरी घरे या एका फळावर उभी राहिली, आणि तेल्या व मर हे रोग आणि खोडकिडा ही कीड यांनी त्यातली काही घरे खालीही आणली.

ताई नोकरी करत नव्हत्या, पण नात्यागोत्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्यांचा फोन दिवसभर वाजायचा. कुणी डाग पडलेल्या फळाचा फोटो टाकायचे, कुणी विचारायचे, "ताई, पानगळ केली, आता पहिलं पाणी कधी देऊ?" त्या मनापासून उत्तर द्यायच्या. दोन दिवसांत ते उत्तर गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडले जायचे आणि पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न परत यायचा. उत्तरे एका जागी, कुणालाही सापडतील अशी ठेवावीत, या विचारातून २०२१ मध्ये ब्लॉग सुरू झाला.

अडचण

पहिले वर्षभर ताईंनी शेतीतल्या सगळ्याच विषयांवर लिहिले. ज्वारीचे वाण, हवामान, कांद्याचे भाव आणि सरकारी योजना. वाचक आले ते योजनांच्या लेखांवर. अनुदानाचा हप्ता कधी जमा होणार, असे शीर्षक दिले की दिवसभरात हजारो लोक पान उघडायचे. आकडा पाहून घरात आनंद झाला.

त्या आकड्याच्या आत मात्र दुसरेच चित्र होते. हप्त्याची तारीख शोधत आलेला माणूस दोन ओळी वाचून निघून जायचा आणि परत यायचा नाही. शिवाय ही बातमी मोठी वृत्तपत्रेही देतात आणि घरबसल्या एकट्या बाईपेक्षा लवकर देतात. लेख आठवड्यात शिळा व्हायचा, की पुन्हा नवा लिहा. याउलट छाटणीच्या कात्रीतून तेल्या कसा पसरतो यावरचा लेख दिवसाला वीस-पंचवीस जण वाचायचे, पण ते शेवटपर्यंत वाचायचे आणि तिथून दुसऱ्या लेखावर जायचे.

याच सुमारास जाहिराती दाखवण्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. मजकुराचे मूल्य कमी, असे कारण आले. योजनांचे लेख सरकारी पत्रकांचीच उजळणी होते, त्यामुळे ते कारण मला रास्त वाटले. डोमेन आणि होस्टिंगचा वार्षिक खर्च घरखर्चातून जात होता. दिराने जेवताना विचारले, "वहिनी, एवढी रात्र जागून लिहिता, यातून मिळतं काय?" प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. बागेत पैसा अडकलेल्या माणसाला हिशेब विचारावाच लागतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसेच चालू ठेवायचे आणि योजनांच्या गर्दीवर जाहिराती लावायच्या. दुसरा, फळबागांपुरते लिहायचे, म्हणजे द्राक्ष, डाळिंब, बोर, सीताफळ. तिसरा, फक्त डाळिंब.

दुसरा पर्याय वरवर शहाणपणाचा वाटत होता, मलाही. पण द्राक्षावर लिहायला द्राक्षाची बाग पाहावी लागते आणि ती ताईंच्या घरी नव्हती. डाळिंबाच्या बाबतीत मात्र फोटो हवा असला की दिराला फोन करायचा, संध्याकाळी फोटो हजर. केगावच्या केंद्राचे सल्ले आणि फवारणीची वेळापत्रके प्रसिद्ध होतात, ती ताडून बघता येत होती. शिवाय डाळिंबाचे प्रश्न दरवर्षी त्याच क्रमाने येतात. बहार म्हणजे झाडाला ठरावीक काळात फुलावर आणून घेतलेले पीक. मृग बहार जून-जुलैचा, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीचा. एकदा नीट लिहिलेला लेख पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतो.

म्हणून फक्त डाळिंब ठरले. त्यासाठी योजनांचे सगळे लेख काढून टाकावे लागणार होते आणि वाचकसंख्या कोसळणार होती. हा निर्णय ताईंनी एका रात्रीत घेतला नाही. महिनाभर आम्ही दोन्ही प्रकारच्या लेखांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले : किती आले, किती थांबले, किती परत आले. परत येणारे जवळजवळ सगळे डाळिंबवाले होते.

भाषेचाही प्रश्न होता. इंग्रजी मजकुराला जाहिरातीचा दर जास्त मिळतो आणि हिंदीतून राजस्थान-गुजरातेतले बागायतदार गाठता येतात. ताईंनी मराठीच धरली. डाळिंबात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि त्यांना प्रश्न विचारणारी माणसे मराठीत विचारत होती. २०१८ पासून गुगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात सेवेत मराठी चालते, त्यामुळे जाहिरातींची वाट बंद नव्हती.

काय केले

योजनांचे लेख काढले. वाचकसंख्या अपेक्षेप्रमाणे पडली, पण वाचकांनी थांबण्याचा वेळ वाढला.

नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जुने प्रश्न वहीत उतरवले. ताईंनी विषय पुस्तकातून न घेता या प्रश्नांतून घेतले, आणि शीर्षकेही शेतकरी विचारतो तशीच ठेवली. ब्लॉगचा कणा ठरलेले पान याच वहीतून निघाले : फळावरचा हा डाग तेल्याचा आहे का? त्यात तेल्याचे, सर्कोस्पोरा या बुरशीच्या ठिपक्यांचे आणि उन्हाने भाजलेल्या सालीचे फोटो शेजारी शेजारी दिले. तेल्यात डाग तेलकट दिसतो आणि फळाला इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखे तडे जातात. सर्कोस्पोराचे ठिपके काळे असतात, पण फळ तसे तडकत नाही. शेतकरी हातातले फळ आणि मोबाईलवरचा फोटो जुळवून बघू शकत होता. सगळे फोटो स्वतःच्या आणि ओळखीच्या बागांतले, काढल्याचा महिना आणि बहार खाली लिहिलेला.

फोटो जड होते, आणि पान उघडायचे बांधावर, अर्ध्या रेंजमध्ये. मी फोटो वेबपी प्रकारात हलके केले, पानावरची चकचकीत सजावट काढली आणि साध्या मोबाईलवर तपासूनच पान चढवायचे ठरवले. वाचक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करूनही शोधतात, म्हणून पानाच्या वेब पत्त्यातले शब्द रोमन लिपीत ठेवले.

लेख कधी टाकायचा, हा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. शोधयंत्रात नवे पान वर यायला आठवडे, कधी महिने लागतात. पाऊस पडून तेल्या भडकल्यावर लेख लिहिला तर तो हंगाम संपल्यावर सापडतो. म्हणून हस्त बहाराचे लेख मे-जूनमध्ये, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये चढू लागले. तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहार धरण्याची शिफारस का होते, हा लेख असाच आधी चढला आणि नेमका निर्णयाच्या वेळी लोकांच्या हाती पोचला.

बोर्डोचा प्रसंग

दुसऱ्या हंगामात मंगळवेढ्याकडच्या एका बागायतदारांचा फोन आला. ब्लॉगवर वाचून त्यांनी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक द्रावण, फवारले होते आणि कोवळी पालवी करपली होती. ते चिडलेले नव्हते, पण दुखावलेले होते. "ताई, तुमचं वाचूनच मारलं होतं."

लेखातले प्रमाण बरोबर होते. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. पण तयार मिश्रण तपासायचे कसे, हे लेखात लिहिले नव्हते. चुना जुना, हवेने विरलेला असेल तर वजन बरोबर असूनही मिश्रण आम्लधर्मी राहते आणि कोवळे भाग जळतात. मिश्रणात विळ्याचे लोखंडी पाते थोडा वेळ बुडवायचे, त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालायची, ही परीक्षा जुन्या बागायतदारांच्या हातात असते. ताईंच्या सासऱ्यांना ती तोंडपाठ होती, म्हणून ती लिहावी लागेल असे घरात कुणाला वाटलेच नाही. पालवी कोवळी असताना एक टक्का मिश्रण वापरू नये, ही सूचनाही लेखात तळाशी होती.

इथे दोन मार्ग होते : लेख गुपचूप दुरुस्त करायचा, किंवा काय राहून गेले ते वर लिहायचे. घरातल्यांचे मत पहिल्या बाजूने होते, नाव खराब होईल म्हणून. ताईंनी लेखाच्या माथ्यावर तारखेसह लिहिले की आधीच्या मजकुरात मिश्रण तपासण्याची कृती नव्हती, ती आता जोडली आहे, आणि आधी वाचलेल्यांनी ती बघावी. त्या बागायतदारांकडे जाऊन बागही पाहिली.

या प्रसंगातून काही नियम ठरले. औषधाचा उल्लेख असलेल्या प्रत्येक लेखावर शेवटची तपासणी कधी केली ती तारीख. मात्रा लिहायची तर नोंदणीकृत लेबलावरची. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली औषध ज्या पिकावर आणि ज्या रोगासाठी नोंदलेले आहे त्याच वापराची शिफारस, आणि त्यासोबत काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस. प्रकाशित होण्याआधी लेख एका वनस्पतिरोग तज्ज्ञांकडे जातो आणि त्यांना मानधन दिले जाते. ताईंच्या खर्चात हा सर्वांत मोठा खर्च आहे, आणि माझ्या मते तो कमी करण्याचा विचारही करू नये. वाचक इथले वाचून पंपात औषध भरतो.

पैसा कुठून

डाळिंबाचे लेख पुरेसे झाल्यावर जाहिरातींचा अर्ज मंजूर झाला. अ‍ॅडसेन्समध्ये दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय रक्कम बँकेत जात नाही. ताईंना पहिल्या शंभरापर्यंत पोचायला बरेच महिने लागले. हजार पाने वाचली गेली की साधारण चाळीस-पन्नास रुपये. खास विषयाच्या ब्लॉगची गर्दी मर्यादितच असते, त्यामुळे जाहिरातींवर घर चालणार नाही हे लवकर स्पष्ट झाले. होस्टिंगचा खर्च तेवढा सुटला.

दुसरी वाट होती ऑनलाइन दुकानाच्या दुव्यांवर कमिशन. छाटणीची कात्री, हातमोजे, पंपाचे नोझल. शेतकरी वाचायचे आणि वस्तू सांगोल्यातल्या किंवा पंढरपुरातल्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे. ही वाट काही महिन्यांत सोडली.

तिसरी वाट स्वतःहून चालत आली. एका कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांच्या जैविक म्हणवल्या जाणाऱ्या द्रावणावर लेख मागितला. तेल्या आठ दिवसांत जातो, असा आमच्या बागेतला अनुभव म्हणून लिहायचे आणि पैसे घेतल्याचा उल्लेख करायचा नाही. देऊ केलेली रक्कम जाहिरातींच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त होती. त्याच वर्षी बागेचा बहार गेला होता आणि घरात पैशाची गरज खरी होती.

आम्ही कायद्याची बाजू पाहिली. पैसे घेतलेले आहेत हे वाचकाला स्पष्ट सांगावे, अशी भारतीय जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ताईंचा निर्णय कायद्याच्या आधीच झाला होता. तेल्या जिवाणूमुळे होतो. बागेची स्वच्छता, निर्जंतुक कात्री, बहाराची निवड, वेळेवरची फवारणी आणि झाडाची ताकद या सगळ्यांनी मिळून तो आटोक्यात राहतो. एका बाटलीने जातो असे लिहिले असते तर डागांच्या फोटोंचे पान, बोर्डोची दुरुस्ती, सगळ्यावरचा विश्वास उडाला असता. त्यांनी नकार दिला. दिराला हे पटायला वेळ लागला, आणि त्याचा राग मला समजतो.

नकारासोबत एक दार उघडे ठेवले. ठिबक आणि माती-पाणी परीक्षण देणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांना ठरावीक मासिक दराने जाहिरातीची जागा द्यायची, वर जाहिरात असे ठळक लिहून. औषधे आणि संजीवके यांना ही जागा नाही.

चौथी वाट वाचकांनीच दाखवली. छाटणी, पानगळ, पहिले पाणी, कळी, फवारणी, खर्च अशा नोंदी ठेवण्यासाठी तक्ता आहे का, असे अनेक जण विचारत होते. ताईंनी बहार नोंदवही तयार केली. निर्यातीसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या अनारनेट प्रणालीत बाग नोंदवणाऱ्याला फवारणीच्या नोंदी लागतातच, म्हणून औषध, मात्रा, तारीख आणि प्रतीक्षा काळ यांचे रकाने आधी आखले. नोंदवही सोलापुरातच छापली आणि अडीचशे रुपयांना ठेवली. पैसे यूपीआयने, वही टपालाने. पहिली छोटी आवृत्ती हस्त बहाराच्या तोंडावर संपली. त्यानंतर एका बहारापुरता, मर्यादित बागायतदारांचा सशुल्क सल्लागट सुरू झाला. त्यात आठवड्याला एकदा फोनवर चर्चा आणि बहारात एकदा बागेला भेट.

निकाल

तिसऱ्या वर्षाअखेर सगळे मिळून महिन्याला सरासरी बारा-पंधरा हजार रुपये येऊ लागले. बहाराच्या महिन्यांत जास्त, एरवी फार कमी. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा नोंदवही आणि सल्लागटाचा. जाहिरातींचा वाटा सर्वांत लहान, तरी लोक अजून ब्लॉगच्या कमाईबद्दल विचारतात ते जाहिरातींबद्दलच.

सप्टेंबर २०२३ च्या सुमारास गुगलच्या क्रमवारीतल्या बदलांनंतर काही सर्वसाधारण लेख खाली गेले, डाळिंबाचे आरोग्यदायी फायदे वगैरे. फोटोंची पाने आणि बहाराचे लेख टिकले. तरी एका शोधयंत्रावर सगळे सोपवणे धोक्याचे आहे हे दिसले, आणि त्याच महिन्यात भारतात सुरू झालेल्या व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर ताईंनी वाचक वळवायला सुरुवात केली. आधीची ब्रॉडकास्ट यादी अपुरी पडत होती : एका यादीत २५६ क्रमांक, आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो.

वेगळे काय करता आले असते

नोंदवही दोन वर्षे आधी यायला हवी होती. मागणी पहिल्या वर्षीच्या प्रश्नांत दिसत होती, पण कमाई म्हणजे जाहिरात हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्के असल्याने तिकडे लक्ष गेले नाही. जाहिरातीचा अर्ज, नकार, पुन्हा अर्ज यात गेलेली शक्ती तिथे लागली असती.

योजनांचे लेख काढताना त्यांच्या पत्त्यांवरून वाचकाला डाळिंबाच्या संबंधित पानाकडे वळवण्याची सोय उशिरा झाली. त्या मधल्या काळात आलेल्यांना रिकामे पान दिसले.

तज्ज्ञांची तपासणी पहिल्या औषधाच्या लेखापासून हवी होती. पैसे नसताना मानधन कसे द्यायचे, हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते त्यावर उत्तर एकच होते. तपासणीची सोय होईपर्यंत फवारणीवर लिहायचे नाही. रोगाची ओळख, स्वच्छता, बहारासाठी पाणी तोडून दिलेला ताण, पाणी, छाटणी यावर वर्षभर पुरेल इतका मजकूर होता.

सल्लागटाचे शुल्क सुरुवातीला फार कमी ठेवले गेले, कारण गावच्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे हा संकोच. बागेच्या भेटीचा प्रवासखर्च धरल्यावर पहिल्या बहारात त्यातून जवळजवळ काहीच उरले नाही. आता भेटीचा खर्च वेगळा आकारला जातो आणि त्यामुळे कुणी गट सोडलेला नाही.

सध्या हिंदी आवृत्तीचा प्रश्न समोर आहे. दिराला ती लगेच हवी आहे, कारण वाचक कितीतरी पट वाढतील. ताईंचे म्हणणे असे की राजस्थानची माती, पाणी आणि बहाराचे वेळापत्रक वेगळे, तिथल्या बागेत उभे राहून फोटो काढणारे कुणी आपल्याकडे नाही. तसा माणूस मिळेपर्यंत हिंदीत फक्त डाग ओळखण्याचे पान द्यावे आणि फवारणीचा एकही लेख देऊ नये, अशी तडजोड मी सुचवली आहे. त्यावर घरात अजून एकमत झालेले नाही.